फक्त घोडी

"मागं काय आहे?" हवालदारानं विचारलं.

"घोडी," दीक्षा म्हणाली.

"आणखी?"

"आणखी काय न्हाई, साहेब. फक्त घोडी."

हे खोटं होतं. बोलेरोच्या मागं जोडलेल्या त्या पत्र्याच्या बंद ट्रेलरमध्ये घोडीसोबत तिचे आजोबा होते. सावळाराम आबा.

शेवंती बैलगाडा शर्यतीची घोडी. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, गाडा सुटला की बैलांच्या पुढं धावायची. मैदानात वाघीण, पण डब्यात चढवली की शेळीहून भित्री. मानेवर आबांचा हात असला तरच उभी राहायची, नाहीतर लाथा झाडून पत्रा फाडायची. दीक्षाला ही घोडी कधी आवडलीच नाही. एकदा दंडाला चावली होती, त्याचा वण अजून दिसायचा. दौंडकडची शर्यत उरकली आणि नेहमीच्या पप्पू ड्रायव्हरनं ऐन वेळी टांग दिली, म्हणून शिरूरपर्यंतचं स्टेअरिंग तिच्या हाती आलं.

कारच्या लायसनवर ट्रेलर ओढता येतो का, यावर गावात जितकी तोंडं तितके कायदे होते. दीक्षानं ड्रायव्हिंग स्कूलच्या दावीद सरांनाच फोन लावला. सर म्हणाले, "गाडी, ट्रेलर आन् घोडी, सगळ्याचं मिळून वजन तुझ्या लायसनच्या हद्दीत बसतंय. खुशाल ओढ. पण ट्रेलरमधी माणूस बसवायचा न्हाई. सापडलीस तर लायसन गेलं समज."

आणि लायसन म्हणजे नोकरी. रांजणगावच्या एका कंपनीनं तिला गाडीवर ड्रायव्हर म्हणून घेतलं होतं, सोमवारी रुजू व्हायचं होतं. घरात पहिल्यांदाच कुणाला तरी महिन्याचा पगार येणार होता. तिनं आबांना परोपरीनं समजावलं. आबा हसले. "आगं, मी माणूस कुठला? मी तिचा खुंटा."

खुंट्यापुढं कोण काय बोलणार? शेवटी एवढंच ठरलं, की पोलिसांनी अडवलं तर आबांनी खोकायचंसुद्धा नाही. अगदीच काही झालं तर पुढच्या पत्र्यावर थाप मारायची.

वाटेत न्हावऱ्याच्या गतिरोधकावर गाडी जोरात आदळली. मागं काहीतरी धडपडलं, आणि तेव्हापासून शेवंती पत्रा बडवू लागली. धाड. जरा थांबून पुन्हा धाड. आबा जवळ असताना ही अशी का करतेय, असं दीक्षाच्या मनात आलं खरं. ती गाडी कडेला घेणार, तोच पुढं नाकाबंदी दिसली. हवालदारानं हात केला आणि तिला दुसरं काही सुचेना.

आता तो तिचं लायसन उलटसुलट करून बघत होता. ऊन मी म्हणत होतं.

धाड.

"लई तापट दिसतीय," हवालदार म्हणाला.

"शर्यतीची हाय, साहेब."

गप गं बाई, ती मनातल्या मनात शेवंतीच्या पाया पडत होती. आजच्या दिवस लाज राख. ह्या डब्याचं दार त्यांना उघडायला लावू नकोस.

हवालदारानं लायसन परत दिलं. "जा. हळू चालव."

सुटलो! तिनं गाडी सुरू केली, गिअर टाकला. आणि मागचा आवाज थांबला.

घोडी गप्प झाली. इतका वेळ दीक्षा हेच तर मागत होती. पण आबांची थाप कुठं होती? न्हावऱ्यापासून एकदाही आली नव्हती. ते ठरल्याप्रमाणे गप्प होते, की त्यांना थाप मारताच येत नव्हती?

पुढच्या वळणावर, कुणाला दिसणार नाही असं थांबून बघावं. पण ट्रेलरच्या मागच्या दाराचा तो जड फाळका एकटीला उतरत नसे. वळणावर नुसता ऊस. हाक मारली तर ओ द्यायला कोण येणार? सोमवार डोळ्यांपुढं आला. मग आबा आले.

तिनं गाडी बंद केली. खाली उतरली आणि लायसन पुन्हा हवालदाराच्या हातात ठेवलं.

"साहेब, मी खोटं बोलले. आत माझे आबा हायेत. फाळका धरू लागा, मला एकटीला जमायचं न्हाई."

लायसन खिशात कोंबून हवालदार पळतच मागं आला. दोघांनी कड्या काढल्या, फाळका खाली घेतला. आतून गरम वाफ अंगावर आली.

मानेपाशी उभे असलेले आबा मागं फेकले गेले होते. शेवंतीच्या मागच्या पायांत ते उताणे पडले होते. टोपी बाजूला, कपाळ फुटलेलं, चेहरा पांढराफटक. शेवंती घामानं निथळत होती. तिचा एक मागचा पाय वर उचललेला होता आणि थरथर कापत होता. त्याच्या बाजूच्या पत्र्याला, तोल सांभाळताना खूर आपटून, नवे पोचे पडले होते. त्या अरुंद डब्यात पाय टेकवायला जागा एकच उरली होती, आबांची छाती.

"आबा!" दीक्षा ओरडली.

आबांनी डोळे उघडले. नातीकडं न बघता ते वरच्या खुराकडं बघत राहिले. आवाज जेमतेम फुटला.

"आधी मला वढा भायेर. न्हावऱ्यापासनं पाय टेकवला न्हाई तिनं."