पहिलं गुपित

रूपालीचे दोन्ही कान जन्मतःच चिंचोक्याएवढे आणि आतून बंद होते. त्यामुळे तिची आई भामाबाई तिच्याशी ओरडूनच बोलायची, आणि मायलेकींचं सगळं बोलणं गल्लीला कळायचं. यंदा लातूरला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मधल्या कानात मशीन बसवलं. महिन्याभरानं ते चालू केलं, तेव्हा नुसता पंख्याचा आवाज ऐकूनसुद्धा पोरगी खुदकन हसली.

रविवारी पाहुणे तिला बघून गेले. भामाबाईनं तिला आत ओढलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच लेकीशी कुजबुजली, "पोरगा पसंत हाय का?"

रूपालीला शब्द न् शब्द ऐकू आला. तीही तेवढ्याच हळू बोलली, "न्हाई, माय. मला मेडिकलवाला सत्यम आवडतो. त्यालाबी मी आवडते. पण आत्ताच कुणाला सांगू नको."

"कोण? मेडिकलवाला सत्यम?" भामाबाई सवयीनं ओरडली.

भिंतीपलीकडून शेजारची तारामती म्हणाली, "माझा भाचाच हाय की वो तो, भामाबाई! लई गुणाचं पोरगं हाय. थांबा, मी साखर घेऊन येते!"