थोडा जास्त रंग

"ही माझ्या बहिणीची डिश नाहीच," दादा म्हणाला. "तू कुणाची तरी भलतीच उचललीस."

"झाकणावर 'बहीण' असं लिहिलंय," करवत मायक्रोस्कोपवरून डोकंही न उचलता म्हणाली. "एवढं गलिच्छ अक्षर या प्रयोगशाळेत दुसऱ्या कुणाचं आहे?"

शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या या बाईचं बोलणं समोरच्याला कापत जायचं, म्हणून सगळे तिला करवत म्हणत. दादा घरात थोरला म्हणून दादा, आणि प्रयोगशाळेतही तेच नाव चिकटलेलं. हृदयाच्या पेशी हा त्याचा विषय. दोन दिवस तो तापाने आडवा झाला, तेव्हा त्याचं काम करवतीने केलं. आणि आता पडद्यावर बहिणीच्या पेशी झकास धडधडत होत्या.

हे शक्यच नव्हतं. त्या पेशी आजारी होत्या. खुद्द दादानेच तसं जाहीर केलं होतं.

बहिणीच्या रक्तापासून त्याने त्या हृदयाच्या पेशी वाढवल्या होत्या. वडील हृदयविकाराने गेले. शेवटच्या वर्षी ते जिना चढताना मध्येच बसायचे, आणि हा परीक्षेची पुस्तकं काखोटीला मारून त्यांच्या बाजूने वर पळायचा. ते त्याला अजून खात होतं. म्हणून बहिणीच्या बाबतीत त्याने कसूर ठेवली नाही. प्रत्येक ठोक्याला पेशीच्या आत कॅल्शियमचा लोंढा सुटतो, पेशी आकसते. मग ते सगळं उपसून परत कोठारात भरावं लागतं, तेव्हा कुठे ती सैल पडते. आकसायला काही फार अक्कल लागत नाही, खरी मेहनत सैल पडण्यात असते. आणि बहिणीच्या पेशी या उपशाच्या कामात महाआळशी निघाल्या होत्या.

मग काय विचारता! दवाखान्यातल्या सगळ्या तपासण्या स्वच्छ आल्या, तर दादाने डॉक्टरांनाच वेड्यात काढलं. "तुम्हाला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पेशी खोटं बोलत नाहीत." बहीण मुलांना पोहायला शिकवायची. ते त्याने वर्षापूर्वी बंद पाडलं. जिने बंद, धावपळ बंद, हसणंसुद्धा बेताने. रोज संध्याकाळी आईकडे जाऊन हा बहिणीची नाडी बघायचा, आणि चेहरा असा करायचा की धडधाकट माणसाचीही पाचावर धारण बसावी.

"तू रंग किती घातलास?" त्याने करवतीला विचारलं. पेशीतलं कॅल्शियम दिसावं म्हणून आधी तिच्यात एक चमकणारा रंग सोडावा लागतो.

"सगळ्यांना घालतो तेवढाच. का, तू किती घालतोस?"

"तेवढाच." मग त्याने घसा खाकरला. "म्हणजे, हिच्या डिशला थोडा जास्त."

"थोडा म्हणजे?"

"तिप्पट. अगं, बहीण आहे माझी! नीट दिसायला नको?"

करवतीने आता मात्र डोकं वर काढलं. "दादा, तो रंग चमकतो कशामुळे? कॅल्शियमला धरून ठेवतो म्हणूनच ना? तू तिप्पट ओतलास, तो तिप्पट धरून बसला. त्याने सोडलं तर पेशी उपसणार! आळशी तुझा रंग आहे, आणि बोल लावतोयस बहिणीला."

दादाला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी तो हेच बजावायचा, की रंग बेताने घाला. फक्त ही एक डिश हातात आली की त्याची अक्कल गहाण पडायची.

तरी त्याने प्रयोग पुन्हा केला. नेहमीचा रंग, बहिणीच्या पेशी ठणठणीत. तिप्पट रंग, लगेच सुस्त. करवतीच्या रक्तापासूनही पेशी वाढवलेल्या होत्या, तुलनेसाठी. त्यांना तिप्पट रंग दिल्यावर त्याही लोळायला लागल्या.

"झालं! उद्यापासून माझेही जिने बंद," करवत म्हणाली.

दादाला हसू आलं नाही. एका धडधाकट पोरीला आपण वर्षभर कोंडून घातलं, तेही वडिलांची आठवण पुढे करून. अंगातला पांढरा कोट न काढताच तो निघाला.

बहीण सोफ्यावर आडवी होती, पायाखाली उशी. आई दारात उभी होती. दादाने नाडी बघितली नाही. तो मटकन खाली बसला आणि एका दमात सगळं सांगून मोकळा झाला.

"तू आजारी नाहीस. कधीच नव्हतीस. माझ्यामुळे तुझं अख्खं वर्ष मातीत गेलं. तुला काय बोलायचं ते बोल मला." आणि एवढा मोठा बाप्या ढसाढसा रडू लागला.

बहिणीने आईकडे पाहिलं. आई छताकडे बघू लागली. शेवटी बहीण उठून बसली आणि पायाखालची उशी तिने त्याच्या मांडीवर ठेवली, डोळे पुसायला.

"रडू नको रे, दादा. मी पोहणं एक दिवससुद्धा सोडलं नव्हतं. खाली तुझी स्कूटर वाजली की आई हाक मारायची, आणि मी पळत येऊन इथे आडवी व्हायचे. तू बघत असायचास ना, तेवढ्यापुरतीच मी आजारी असायचे."