उजवी बाजू

शुद्धीवर आल्याबरोबर तिने पोट चाचपलं. उजव्या हाताला सलाइन होतं, म्हणून डावा हात चादरीखाली घातला आणि बरगडीपासून बेंबीपर्यंत फिरवला. पट्टी लागली नाही. नळी लागली नाही. पुन्हा एकदा जरा दाबून पाहिलं. दुखलं नाही.

भूल उतरली नसेल अजून, असं तिने स्वतःला समजावलं. पण घसा खवखवत होता, तळपाय गार पडले होते, तहान लागली होती. सगळं अंग जागं होतं. तिने गाऊन वर केला. सकाळी सर्जनने मार्करने ओढलेली जांभळी रेघ पोटावर, उजव्या बरगडीखाली, तशीच होती. रेघेखालची कातडी अखंड.

समोरच्या इमारतीवर अजून दुपारचं ऊन होतं. सगळं नीट पार पडलं असतं, तर रात्रीशिवाय दोघांपैकी कुणी बाहेर येणार नव्हतं. त्या परक्या देशातल्या डॉक्टरांचं बोलणं दुभाष्याने चांगलं घोळून घोळून सांगितलं होतं. बहिणीला शेजारच्या खोलीत भूल देऊन तयार ठेवायचं. आधी भावाचं पोट उघडायचं. कॅन्सर लिव्हरच्या बाहेर गेलेला नसेल, तरच लिव्हरचा भाग काढायला बहिणीला सुरी लावायची. गेलेला असेल, तर तिथेच थांबायचं.

आपण वाचलो, असं क्षणभर तिच्या मनात आलं. त्या क्षणाची तिला इतकी शिसारी आली की ती ताडकन उठून बसली.

नर्स ओला कापूस घेऊन आली आणि ती रेघ पुसायला वाकली. तिने नर्सचं मनगट धरलं. नको, म्हणून मान हलवली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. नर्सने कापूस ठेवून दिला आणि तिच्या केसांवरून हात फिरवला. डॉक्टर काय सांगणार, ते तिला तेव्हाच कळलं.

मग वहिनी आली. पलंगाची कड धरून उभी राहिली.

"उघडलं आणि शिवलं," ती म्हणाली. "आत सगळीकडे बारीक बारीक दाणे पसरलेत म्हणे. हात लावण्यात अर्थ नाही म्हणाले."

"आणि दादा?"

"जागे झालेत. एकच धोशा लावलाय, मिरची कशी आहे, मिरची कशी आहे. त्यांना कुणी काही बोललेलं नाही. डॉक्टर संध्याकाळी दुभाष्याला घेऊन येतील आणि तेच सांगतील. पण तोवर मी कशी उभी राहू गं त्यांच्यासमोर? माझ्या तोंडावर सगळं वाचता येतं."

हायस्कूलात गणित शिकवणाऱ्या, पन्नाशीला टेकलेल्या बाईला मिरची म्हणणारा जगात तो एकटाच उरला होता. घरं रंगवण्यात त्याचा जन्म गेला. 'तुझ्या पोटावर चीर पाडून मला जगायचं नाही,' असं म्हणून त्याने तिला कितीदा तरी धुडकावून लावलं होतं. ती भांडली, रुसली, अबोला धरला, आणि अखेर त्याला नमवलंच. आज सकाळी दोघांचे स्ट्रेचर शेजारी शेजारी उभे असताना तो म्हणाला होता, "लोक नुसतं म्हणतात गं, काळजाचा तुकडा. तू खरंच काढून द्यायला निघालीस. पण सांगून ठेवतो, तुझं लिव्हर बसल्यावर मीही उठसूट भांडायला लागलो, तर वहिनीची बोलणी तू खायची."

"आधी बसू तर दे," ती म्हणाली होती.

"वहिनी, चाकाची खुर्ची मागव," आता तिने सांगितलं.

दादाच्या खोलीच्या दाराशी खुर्ची पोचली तशी तिने अंग मुडपून घेतलं आणि ओठ दातांखाली धरला. आयुष्यात कधी साध्या शाळेच्या नाटकातही तिने काम केलं नव्हतं. वहिनीने खुर्ची पलंगाला अगदी चिकटवून लावली.

दादा हळदीसारखा पिवळा दिसत होता. ओठ सुकून फुटले होते.

"उठलीस कशाला?" त्याचा आवाज जेमतेम ऐकू येत होता.

"तुला बघायला."

"दुखतंय?"

"फार." एवढं मात्र ती खरं बोलली.

"केवढा काढला?"

"चांगला मोठा. तुला भांडायला पुरून उरेल एवढा."

वहिनी खिडकीकडे तोंड करून पडद्याची घडी नीट करू लागली. ती घडी आधीच नीट होती.

दादा हसला नाही. नुसता बघत राहिला. तिच्या चेहऱ्याकडे, मग वहिनीच्या पाठीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. तिने सलाइनचा उजवा हात मांडीवर ठेवून डाव्या हाताने डावी कूस घट्ट दाबून धरली होती.

त्याने सुया-नळ्यांसकट आपला हात उचलला. तिचा हात धरला आणि पोटावरून हळूहळू सरकवत उजव्या बाजूला नेऊन ठेवला.

"डॉक्टर यायचेत अजून," तो म्हणाला. "तोवर इथे दुखू दे."