आत्याचा कप

डॉक्टरांनी अपूर्वाला तपासून सांगितलं, "हा जननेंद्रियांचा हर्पीस आहे. औषधाने फोड बरे होतील, पण विषाणू जन्मभर अंगात राहील. मात्र ताटवाटीतून किंवा कुणाला मिठी मारल्याने तो पसरत नाही, हे लक्षात ठेवा."

हिंजवडीच्या ऑफिसात आठवडाभर ती मान खाली घालून वावरली. जणू कपाळावरच सगळं लिहिलं होतं. अखेर मन मोकळं करायला ती कर्वेनगरला भावाच्या घरी गेली. तिचं ऐकून श्यामलावहिनीने तिला पोटाशी धरलं. "वेडाबाई, एवढंच ना? तुझ्या दादालासुद्धा कळू द्यायची नाही मी." या एका घरात तरी ती पूर्वीचीच अपूर्वा होती.

पुढच्या रविवारी वहिनीने तिला मोराचं चित्र असलेल्या नव्याकोऱ्या कपात चहा दिला. सहा वर्षांची सृष्टी आज आत्याला बिलगायला धावली नाही. दारात उभी राहून त्या कपाकडेच आशाळभूतपणे बघत राहिली.



"तुझी मज्जा आहे, आत्या! आईने त्या कपाला वेगळी फळी दिलीय, आम्हाला हात लावायलाही बंदी. मला कधी गं मिळणार असा माझा एकटीचा कप?"