एकसष्ट जण बघताहेत

आकाराम सरांनी माइकवर उत्तूर गावाचं नाव घेतलं आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातला आकडा धाडकन खाली आला. नऊशेचे सहाशे. सर घोटभर पाणी प्यायले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. सहाशेच होते.

आजरा ते पेठ वडगाव ही सायकल शर्यत सर अठ्ठावीस वर्षं सांगत होते. मूळचे ते कुस्तीच्या मैदानातले निवेदक. शाळेतून पी.टी.चे शिक्षक म्हणून निवृत्त झाले, पण आवाज काही निवृत्त झाला नाही. पूर्वी केबलवर शर्यत लागली की अख्खा जिल्हा टीव्हीपुढे बसायचा. आता कंपन्यांचे पगारी सायकलपटू आले, झकपक हेल्मेटं आली, आणि बघणारे मात्र गेले. चॅनेलही मोबाईलवर आलं. किती जण बघताहेत ते कोपऱ्यात दिसू लागलं. माणसाला आपली किंमत मिनिटामिनिटाला कळावी, ही सोय कुणाच्या डोक्यातून निघाली कुणास ठाऊक.

चॅनेलचा तरुण मालक सम्राट स्टुडिओत सरांच्या शेजारच्या खुर्चीत बसून तोच आकडा बघत होता. त्यानं सकाळीच सांगितलं होतं. आकडा पन्नासाच्या खाली गेला की शर्यत बंद करून शहरातली फुटबॉलची मॅच लावायची, आणि पुढच्या वर्षापासून सायकली नकोतच. प्रक्षेपण नसेल तर कंपन्या संघ पाठवणार नव्हत्या, म्हणजे शर्यतही संपली. सरांना हे कुणी वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती.

चित्रात नुसत्या पाठी दिसत होत्या. मागच्या वर्षी दोन गावांमधल्या रस्त्याच्या ओस कडा दिसल्या आणि लोकांनी यथेच्छ टिंगल केली. म्हणून यंदा मोटारसायकलवरच्या कॅमेरावाल्या गुंडूला बजावलं होतं, सायकलवाल्यांच्या पाठी सोडून काही दाखवायचं नाही. गुंडू इमानदारीनं पाठी दाखवत होता. सर त्यांच्याकडेही फारसं बघत नव्हते. त्यांचे डोळे कोपऱ्यातून हलतच नव्हते.

कागल जवळ आलं. मैदानात पैलवान पुकारताना त्याचं गाव, तालीम, बापाचं नाव सांगायची सरांची जुनी सवय. तोंड आपोआप उघडलं. "कागलकर मंडळी, केरबा चौगुल्यांचा पोरगा आदर्श दहा मिनिटांत तुमच्या दारावरून जातोय." पाचशेचे एकशे चाळीस झाले.

सम्राटनं माइक बंद केला.

"सर, तुम्ही गावाचं नाव घेतलं की त्या गावची माणसं बंद करून जात्यात बघा. आता राहिल्यात ती वडगावचीच. निदान वडगावचं नाव तरी घेऊ नका."

गावोगावच्या लोकांना आपणच आपल्या तोंडानं पळवून लावतोय, हे सरांच्या जिव्हारी लागलं. आणि वडगाव तर त्यांचं स्वतःचं गाव. पुढचा अर्धा तास ते वाऱ्याबद्दल बोलले, चढाबद्दल बोलले, टायरमधल्या हवेबद्दल बोलले. आपलंच बोलणं त्यांना परकं वाटत होतं. आकडा एकसष्टवर येऊन थांबला आणि तिथंच राहिला.

त्या एकसष्टांतल्या एकाची त्यांना खात्री होती. त्यांची बायको झुंबरबाई. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून दोन वर्षं तिनं उंबरा ओलांडला नव्हता. सायकलीतलं तिला ओ की ठो कळत नसे, पण नवऱ्याचा आवाज येतो म्हणून ती शेवटपर्यंत बघायची. शर्यत गावात शिरली आणि आपण गावाचं नावच घेतलं नाही, तर घरी जाऊन तिला काय तोंड दाखवायचं?

सायकली हायवे सोडून आत वळल्या. सरांनी माइक जवळ ओढला. सम्राट मान हलवून नको म्हणत होता.

"वडगावकर," सर म्हणाले, "शर्यत आपल्या गावात येतेय."

एकसष्टचे चाळीस झाले. मग एकोणीस. मग सहा. मग एक.

"एक हाय अजून," सर म्हणाले. सम्राट बटणावर बोट ठेवून थांबला. तोही काही निर्दयी नव्हता.

मग शून्य झालं.

तीही गेली. सरांना एकदम फार एकटं वाटलं. निरोपाचे दोन शब्द बोलावेत म्हणून त्यांनी कोपऱ्यावरची नजर उचलली आणि कितीतरी वेळानं नीट चित्राकडे पाहिलं.

पाठी चित्रात नव्हत्या; शेवटची रेघ गाठायला गुंडू सायकलींना मागं टाकून गावात आला होता. पुढं जाता येईना म्हणून त्याची मोटारसायकल थांबली होती आणि त्यानं कॅमेरा वर उचलला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मुंगीला शिरायला जागा नव्हती. माणसं ट्रॉल्यांवर चढली होती, गच्च्यांवर उभी होती. लेकरं खांद्यावर होती. आणि सगळ्यांच्या पुढं, कुणीतरी उचलून आणून ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत, गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून झुंबरबाई बसली होती. सायकली ज्या बाजूनं येणार, तिकडं तिचं लक्ष लागलं होतं.

सम्राटनं बटणावरचं बोट काढून घेतलं.

अठ्ठावीस वर्षांत सरांनी माइकवर जिल्ह्यातलं एकही गाव सोडलं नव्हतं. बायकोचं नाव मात्र कधी घेतलं नव्हतं.

"झुंबरबाई," ते म्हणाले, "खुर्ची जरा मागं घ्या. पोरं जोरात येत्यात."

ते ऐकायला वडगावात घरी कुणीच नव्हतं.