अष्टमीचं पाणी

“आज पाण्यात उतरू नको बाप्पा, पौर्णिमा हाये,” शेवंताबाई फोनवर म्हणाल्या.

“माय, आता तिथीवर काही नाही राहिलं,” अंकुश हसला. “समुद्राचे प्रवाहच बदलून राहिले. मागच्या अष्टमीले पाणी शांत पाह्यजे, तर असं ओढत होतं का विचारू नको.”

शहापूरच्या त्या घरात शेवंताबाईंनी सात वर्षं कॅलेंडर बघून मुलगा सांभाळला होता. अंदमानात स्कूबा शिकवायला गेला तेव्हाच त्यानं सांगितलं होतं, अमावास्या-पौर्णिमेला प्रवाह जोरात, अष्टमीला मंद. तेव्हापासून रोज सकाळी आठला फोन. त्या तिथी सांगायच्या, तो पाण्याखालचं सांगायचा.

काय दिवस होते ते! प्रवाहावर अंग सोडून दिलं की प्रवाळाची भिंत आपोआप सरकत जाते, पोपटी माशांचा थवा कानाजवळून निघून जातो. ऐकता ऐकता चुलीवरची भाजी करपायची. गावच्या तलावात बुड्या मारून बापाचा मार खाणारं हेच पोर, याचं त्यांना फार कौतुक वाटायचं.

टिकारामचा विरोध होता. नवऱ्याशी भांडून त्यांनीच पोराला पाठवलं. निघताना बसच्या पायरीवरून तो ओरडला होता, “माय, तुले समुद्र दाखवाले नेईन, तेव्हाच घरी येईन!” तेव्हा त्या पोट धरून हसल्या होत्या. आता ते बोलणं आठवलं की जीव कासावीस व्हायचा.

“पाहुणे येतात का?” त्यांनी विचारलं.

“कमी झाले. मधेच खालून गार, गढूळ पाणी वर येते. दोन हातांवरचं दिसत नाही. कोण उतरीन?”

“मंग ये ना घरी.”

“रिकाम्या हातानं कसा येऊ, माय? प्रवाह जागेवर येऊ दे.”

“मले तू पाह्यजे, समुद्र नाही.”

“ठेवतो. बोट लागली,” तो म्हणाला.

खाटेवरून टिकारामनं विचारलं, “काय म्हणते तुहा समुद्र?” हल्ली पानठेल्यावर पोराच्या गोष्टी तोच सर्वांत जास्त सांगायचा.

“खवळला म्हणते,” शेवंताबाईंनी डोळे पुसले.

फाटकाशी मोटरसायकल थांबली. शेजारचा भोजराज गावाजवळच्याच वरठीच्या कारखान्यात कामावर निघाला होता. शेवंताबाई लगबगीनं बाहेर गेल्या आणि पदराखालचा गरम डबा त्याच्या हातात दिला.

“अंकुशले दे,” त्या हळूच म्हणाल्या. “आजही मेसचाच म्हण. मायनं देल्ला समजलं, तर पोरगं वरठीही सोडून जाईन.”