नवऱ्याच्या नावाचा रकाना

"अगं, नुसतं नाव सांग. जमीन नाही मागत मी तुझ्या नवऱ्याची," सत्यशीलाबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या.

कासाबाईनं पदर दातात धरला आणि खाली बघितलं. सतरा वर्षांची पोर, मांडीवर आठ महिन्यांचं लेकरू. रजिस्टरात तिच्यापुढचा नवऱ्याच्या नावाचा रकाना चार महिने रिकामा होता.

सत्यशीलाबाई म्हणजे पिंगळीच्या पुढच्या उपकेंद्रातल्या नर्सबाई. कोवळ्या वयातल्या आयांना एड्सची माहिती द्या, निरोध वाटा, असा वरून हुकूम आलेला. हुकूम सोडणाऱ्यांचं काय जातंय! बाई दर बुधवारी अंगणात पोरी गोळा करून घसा कोरडा करायच्या. पोरी पदराआड खिदळायच्या. निरोधाचे फुगे होऊन दुसऱ्या दिवशी गल्लीभर उडायचे. आणि नवऱ्याचं नाव विचारलं की सगळ्यांची दातखीळ बसायची. नाव घेतलं की म्हणे धन्याचं आयुष्य कमी होतं.

"आयुष्य रोगानं कमी होतं, नावानं नाही," बाई करवादायच्या. "आमचे हे बियाणं विकत गावोगाव हिंडतात. परवा तेच म्हणाले, तुझ्या पोरींना डोकंच नाही. खोटं नाही बोलले."

आता प्रशिक्षणात साहेबांनी मिस्टरांचं नाव विचारलं तेव्हा बाईंनीही ते कागदावर लिहून सरकवलं होतं, ती गोष्ट वेगळी.

कासाबाईचं तर सगळंच निराळं. बाकीच्या पोरी 'बाई' म्हणायच्या, ही 'अक्का' म्हणायची. दोनदा टोकलं, फरक शून्य. आली की लेकरू बाईंच्या मांडीवर ठेवायची आणि टकामका बघत बसायची. बाईंच्या घरी लग्नाला अकरा वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता. त्यांनाही त्या लेकराचा लळा लागला होता.

पोरीचे आईबाप मेंढरं घेऊन लांब चारायला गेलेले. घरी एक बहिरी आत्या, अंबाबाई. तिला जावयाचं विचारलं की ती मेंढराचा भाव सांगायची. कासाबाई एवढंच म्हणायची, "फिरतीवर असत्यात." फिरतीवर म्हणजे ट्रकवर, बाईंनी ताडलं. देवगाव फाट्याला ढाब्यापाशी रांगेनं ट्रक उभे असतात, त्यातलाच कुणीतरी. साहेबांनीही प्रशिक्षणात ड्रायव्हर लोकांचंच सांगितलं होतं.

लेकराचे जुलाब थांबेनात, पोरही वाळत चालली, तेव्हा डॉक्टरांनी तिचं रक्त औरंगाबादला धाडलं. नेमकी तेव्हाच नामांतराची धामधूम. रोज कुठं ना कुठं बंद, एसट्या जागच्या जागी. एका विद्यापीठाच्या नावासाठी मराठवाडा सोळा वर्षं झगडत होता, आणि इथं एका पोरीच्या तोंडून एक नाव निघेना. कागद पंधरा दिवस उशिरा आला. आला तो वाईटच आला.

आज बाईंनी दार लोटून घेऊन तिला सगळं नीट सांगितलं. रोग अंगात आहे, पण आजच काही होत नाही, जपून राहू, लेकराचंही रक्त बघू. पोर रडली नाही. बाईंनीच पदरानं डोळे पुसले. मग त्यांना त्या न दिसणाऱ्या माणसाचा भयंकर संताप आला आणि त्या पुन्हा नावावर आल्या होत्या.

"त्यानंच दिलाय तुला हा रोग. आणि त्याची आणखी कुठं बायको असली तर? तिला बिचारीला पत्ताही नसेल. ती त्याला गरम भाकरी वाढत असेल. तिचा जीव तुझ्या जिभेवर आहे, कळतंय का?"

कासाबाईनं मान वर केली. "तिचंबी रक्त बघत्यात का?"

"बघतील ना. पण ती कोण, कुठली, हे कळायला त्याचं नाव नको?"

"तिला नसंल झालं, तर वाचंल का ती?"

"वाचेल. त्याला जवळ येऊ दिलं नाही, नाहीतर निरोध वापरला, तर वाचेल. चार महिने हेच तर ओरडतेय मी."

कासाबाईनं लेकराच्या केसांतून बोटं फिरवली. मग हळूच म्हणाली की त्यांनी लेकराची शपथ घातली आहे, कुणाला सांगायचं नाही म्हणून.

"मोड ती शपथ. लेकराला काही होत नाही, मी सांगते." बाईंनी पेनचं टोपण काढलं, रजिस्टर पुढं ओढलं. "बोल."

"नाव न्हाई येत तोंडात."

"कमाल आहे बाई तुम्हा पोरींची! लिहिता येत नाही, बोलवत नाही. मग मी काय पंचांगात बघू?"

कासाबाई उठली. तिनं लेकरू बाईंच्या मांडीवर ठेवलं, त्याचं झबलं सारखं केलं.

"अक्का," ती म्हणाली, "तुमी तरी कुठं घेता त्यांचं नाव?"